‘इथे फक्त संगीत’ या कागदाबद्दल, रॉक संगीताच्या चाहता मंडळाच्या संयोजकांना

संयोजक मंडळींना सप्रेम नमस्कार.

बैठकीच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला कागद वाचला. ‘इथे फक्त संगीत. राजकीय चर्चा करू नये.’ दोन ओळी आणि खाली तुम्हा तिघांच्या सह्या. ज्या भांडणामुळे हा कागद लागला, त्यातला निम्मा आवाज माझा होता. तेव्हा खरं तर मी तोंड मिटून बसले असते तर शोभलं असतं. पण नियम सगळ्यांना लागू आहे, म्हणून पत्रही सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या संध्याकाळी काय झालं ते तुमच्यापैकी दोघांनी नंतर इतरांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून सांगते. रेकॉर्ड लावायची पाळी माझ्या मित्राची होती. (बोलणं बंद असलं तरी मित्रच म्हणते.) त्याने ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा १९७४ चा ‘४६१ ओशन बुलेवार्ड’ हा अल्बम लावला. ‘आय शॉट द शेरीफ’ सुरू झालं. गाणं जमैकाच्या बॉब मार्लीचं, पण क्लॅप्टनच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ज्यांनी रेगे हे जमैकाचं संगीत कधी ऐकलंच नव्हतं अशा कितीतरी घरांत मार्लीचं नाव पोचलं. मी म्हटलं, हाच माणूस दोन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९७६ ला, बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये भर कार्यक्रमात दारूच्या नशेत काय बरळला ते ठाऊक आहे ना? स्थलांतरितांच्या विरोधात बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या पुढाऱ्याला साथ द्या, परक्यांना हाकला, ब्रिटन गोऱ्यांचा राहू द्या. मित्र म्हणाला, ठाऊक आहे, पण आपण गाणं ऐकायला आलोय. मी म्हटलं, मीही गाण्याबद्दलच बोलतेय.

इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या तीन मिनिटांत आम्ही आजच्या निवडणुकांवर आलो, पाचव्या मिनिटाला कोणाचं मत कोणाला यावर, आणि मग एकमेकांच्या घरच्यांवर. रेकॉर्डची बाजू केव्हाच संपली होती. सुई आतल्या खोबणीत खरखरत होती आणि ती उचलायचं भान कोणालाच नव्हतं.

तुम्ही म्हणता, राजकारण आलं म्हणून भांडण झालं. मला वाटतं, गाणं सुटलं म्हणून झालं. क्लॅप्टन तर तिसऱ्याच मिनिटाला खोलीतून निघून गेला होता. मागे राहिलो आम्ही दोघं आणि रोज बातम्यांत ऐकून पाठ झालेली वाक्यं.

क्लॅप्टनला धरून राहिलो असतो तर काय झालं असतं? बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्या १९७६ च्या रात्रीनंतर रेड सॉन्डर्स नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी ब्रिटनच्या संगीत साप्ताहिकांना एक पत्र पाठवलं. तेही खुलं पत्रच. त्यात त्यांनी क्लॅप्टनला चांगला वादक म्हटलं, आणि मग विचारलं की ब्लूज हे काळ्या अमेरिकनांचं संगीत नसतं तर तू कुठे असतास? तुझं निम्मं संगीत काळ्या लोकांकडून आलंय. शेवटी तर त्याच्याच गाजलेल्या गाण्याकडे बोट दाखवून त्याला सुनावलं की शेरीफला गोळी घालणारा तू नव्हेस. याच पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारोंचा मोर्चा गेला आणि तिथे द क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन, एक्स-रे स्पेक्स असे बँड एका मंचावर वाजले. गोऱ्या पोरांचा पंक आणि काळ्या पोरांचं रेगे एकाच दुपारी, एकाच गर्दीसमोर.

आता सांगा, हे राजकारण कोणी बाहेरून आणलं होतं का? आधी वादकाने मंचावरून काढलं, मग श्रोत्यांनी संगीताच्याच साप्ताहिकात, संगीताच्याच भाषेत त्याला उत्तर दिलं. त्या पत्राची ताकद शिव्यांत नव्हती. त्या माणसाची बोटं कोणाकडून शिकली हे लिहिणाऱ्यांना नेमकं माहीत होतं, म्हणून ते पत्र लागलं. मी त्या संध्याकाळी हे करू शकले असते. मी मित्राच्या मतपत्रिकेवर घसरले.

क्लॅप्टन ऐकणं सोडा, असं मी म्हणत नाही. १९६८ मध्ये क्रीम या बँडबरोबर त्याने प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवलेलं ‘क्रॉसरोड्स’ मी आजही ऐकते, आणि तेही शेवटी रॉबर्ट जॉन्सन या काळ्या ब्लूज गायकाचंच. स्वतः क्लॅप्टनने त्या रात्रीबद्दल बरीच वर्षं सारवासारव केली आणि २०१८ मध्ये कुठे जाहीरपणे म्हणाला की त्याला स्वतःची लाज वाटते. ऐकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘क्रॉसरोड्स’बद्दल बोलायचं आणि ते कोणाचं हे विचारायचं नाही, असं कसं जमायचं?

तुमच्या नियमाची खरी अडचण हीच आहे. ‘फक्त संगीत’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचंच घ्या. १८ ऑगस्ट १९६९, वूडस्टॉकचा संगीत महोत्सव, सोमवारची सकाळ. बहुतेक लोक चिखल तुडवत घरी निघून गेलेले. त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. एक शब्द नाही. मधेच सूर मोडतात, फीडबॅक किंचाळतो, ट्रेमोलो आर्म (तारांचा ताण बदलणारी गिटारची दांडी) खाली दाबली की काहीतरी आकाशातून कोसळल्यासारखं वाटतं, आणि त्या गदारोळात सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजवतात ती धून क्षणभर येऊन जाते. तिकडे व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं. वाजवणारा स्वतः पूर्वी अमेरिकी सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये छत्रीधारी सैनिक होता. टीव्हीवर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला तर ते सुंदर वाटलं. तुमच्या नियमाप्रमाणे आम्ही ट्रेमोलो आर्मबद्दल बोलू शकतो, पण ती कशाचा आवाज काढतेय याबद्दल नाही. मग तो सोलो म्हणजे नुसती कसरत उरते.

यावर तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल की ज्या बँडला राजकारण नको आहे त्यांना तरी सोडा. तेही करून झालंय. चेकोस्लोव्हाकियातला प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा १९६८ मध्ये सुरू झालेला बँड घोषणा देणारा नव्हता. त्यांना व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि फ्रँक झॅपा असलं अमेरिकन रॉक आवडायचं, केस लांब होते आणि आपल्याला हवं तसं वाजवायचं होतं, इतकंच. १९७० मध्ये त्यांचा वादनाचा परवाना गेला. मग ते लपूनछपून वाजवू लागले. १९७६ मध्ये अटका झाल्या, खटला चालला, आणि त्यांचे कलादिग्दर्शक इव्हान यिरोउस यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. आरोप काय, तर सार्वजनिक शांतता बिघडवल्याचा. नाटककार वाच्लाव हावेल यांनी हा खटला पाहिला, आणि जानेवारी १९७७ मध्ये निघालेल्या ‘सनद ७७’ या मानवी हक्क मागणाऱ्या जाहीरनाम्यामागे या खटल्याची चीड होती. हावेल पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या बँडचा हा प्रवास. त्यांनी राजकारणाचं दार उघडलं नाही, तेच दार तोडून आत आलं.

बेलारूसमधलं तर अलीकडचं आहे. ऑगस्ट २०२०, निवडणुकीच्या तोंडावर, मिन्स्क. सरकारी कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी व्हिक्टर त्सोई या सोव्हिएत रॉक गायकाचं बदल मागणारं जुनं गाणं लावलं आणि दहा दिवस कोठडीत गेले. त्सोई १९९० मध्येच अपघातात गेलेला. गाण्यात ना पक्षाचं नाव, ना नेत्याचं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त बोचते. राजकारण नको म्हणून कान बंद केले की गाणं चुकीचं ऐकू येतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ हे व्हिएतनामहून परत आलेल्या, नोकरी न मिळालेल्या, भाऊ गमावलेल्या माणसाचं गाणं आहे. पण टाळ्या धृपदाला पडतात, कडवी कोण ऐकतो? सप्टेंबर १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचं कौतुक केलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीन म्हणाला की राष्ट्राध्यक्षांना माझा कोणता अल्बम आवडत असेल याचा विचार करतोय, ‘नेब्रास्का’ तर नसावा. आणि त्याने त्याच अल्बममधलं, कारखाना बंद पडल्यावर हातून खून झालेल्या कामगाराचं ‘जॉनी ९९’ वाजवलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार पॉल रायन यांच्या आवडत्या बँडमध्ये रेज अगेन्स्ट द मशीनचं नाव निघालं, तेव्हा त्या बँडच्या टॉम मोरेलोला लिहावं लागलं की आम्ही ज्या यंत्राविरुद्ध ओरडतोय ते यंत्र म्हणजेच हे गृहस्थ. रायन यांना गिटार आवडत होती, शब्द नव्हते. बँडच्या नावातच सगळं लिहिलेलं असताना हे जमवणं सोपं नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

आता तुमची बाजू. ती अगदीच पोकळ आहे असं मला वाटत नाही.

राजकीय रॉकमधलं बरंचसं वाईट आहे. तीन कॉर्ड आणि एक घोषणा, की झालं गाणं. गायक नील यंग माझा लाडका, तरी २००६ चा त्याचा इराक युद्धाविरुद्धचा अल्बम ‘लिव्हिंग विथ वॉर’ मी क्वचितच लावते. त्यातलं राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर महाभियोग चालवा म्हणणारं गाणं मला वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी शिळं. त्या वर्षीच्या दौऱ्यात अटलांटामध्ये ते सुरू झाल्यावर काही प्रेक्षकांनी हुर्यो केली, काही उठून गेले. लोक त्यांना अडाणी म्हणतात. मी म्हणणार नाही. पैसे मोजून आलेल्या माणसाला नापसंती दाखवायचा हक्क आहे, आणि ती हुर्यो हीदेखील चाहत्यांची राजकीय चर्चाच होती, जरा मोठ्या आवाजातली.

याच नील यंगचं, क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या बँडबरोबरचं, १९७० चं ‘ओहायो’ मात्र आजही अंगावर येतं. ४ मे ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. यंगने मासिकातले फोटो पाहिले, गाणं लिहिलं, २१ मे ला ते मुद्रित झालं आणि जूनमध्ये दुकानांत आलं. निक्सनचं नाव थेट घेतलेलं. त्याच बँडचं दुसरं, गोडसं गाणं तेव्हा यादीत वर चढत होतं. त्याच्या वाटेत येईल हे माहीत असूनही त्यांनी हे काढलं. दोन्ही गाण्यांचा रोख राष्ट्राध्यक्षावर, दोन्ही घाईत केलेली. मग एक शिळं आणि एक ताजं का? मला वाटतं, ‘ओहायो’त बाजू घेण्याआधी कोणीतरी जमिनीवर पडलेलं दिसतं. तो रिफ चालत राहतो, शेवटी क्रॉस्बीचा आवाज फाटतो, आणि मत नंतर येतं. ‘लिव्हिंग विथ वॉर’मध्ये मत आधीच दारात उभं आहे. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पण बघा, हा प्रश्न राजकारणाचाही आहे आणि संगीताचाही, आणि याचं उत्तर शोधायला आपल्या खोलीपेक्षा बरी जागा कोणती? तुमचा कागद नेमका हाच प्रश्न बंद करतो.

पिंक फ्लॉइड बँडचा माजी गायक रॉजर वॉटर्स याचाही मला राग आहे, तोही लिहून टाकते. २०२२ च्या दौऱ्यात सुरुवातीलाच घोषणा व्हायची की पिंक फ्लॉइड आवडतं पण रॉजरचं राजकारण सहन होत नाही, असे जे कोणी असाल त्यांनी खुशाल बारमध्ये जावं. पिंक फ्लॉइडचा ‘ॲनिमल्स’ हा अल्बम १९७७ पासून ऐकणाऱ्यांना राजकारणाचं आश्चर्य वाटतं ही गंमत खरी, त्यावर त्याने हसावं. पण निम्म्या श्रोत्यांना दार दाखवणं हा तुमच्याच कागदाचा जुळा भाऊ आहे. तुम्ही म्हणता वाद घालणाऱ्यांनी बाहेर जावं, तो म्हणतो न पटणाऱ्यांनी बाहेर जावं. खोलीत दोन मतांची माणसं एकत्र बसू शकतात यावर विश्वास दोघांचाही नाही.

बसू शकतात का? रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड बसला. बसले म्हणजे, एकाच गाडीतून फिरले. गायक जोई डाव्या विचारांचा आणि ज्यू, गिटारवादक जॉनी कट्टर रिपब्लिकन. १९८५ च्या मे महिन्यात रेगन जर्मनीत बिटबर्गच्या लष्करी स्मशानाला गेले, जिथे नाझी वाफेन-एसएसचे सैनिकही पुरलेले होते. जोईचा संताप झाला आणि त्यातून ‘बोन्झो गोज टू बिटबर्ग’ आलं. बोन्झो हे रेगन यांच्या एका जुन्या सिनेमातल्या चिंपांझीचं नाव. जॉनीला आपल्या राष्ट्राध्यक्षाचा हा अपमान खपला नाही. १९८६ च्या अल्बमवर त्याच्या हट्टामुळे गाण्याचं नाव बदललं आणि मूळ नाव कंसात गेलं. गाणं मात्र निघालं. पुढे २००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सत्कार झाला तेव्हा जोई जिवंत नव्हता, आणि जॉनीने मंचावरून बुश यांच्यासाठी देवाचा आशीर्वाद मागितला. दोघांनी मिळून २,२६३ कार्यक्रम केले. त्यातली कितीतरी वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते हे खरंय, पण ते मुख्यतः राजकारणामुळे नाही. जोईच्या मैत्रिणीने जॉनीशी लग्न केलं होतं. तेव्हा प्रेमप्रकरणांवरही बंदी घालायची असेल तर कागदावर जागा आहे अजून.

चेष्टा पुरे. मला काय हवंय ते सांगते. कागद काढा. त्या जागी दुसरा लावायचाच असेल तर एवढंच लिहा की बोलणं गाण्यापासून सुरू व्हावं आणि गाण्याकडे परत यावं. कोणी प्रचाराची पत्रकं वाटू लागला तर त्याला थांबवा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. कोणी समोरच्याच्या जातीवर, धर्मावर, घरच्यांवर गेलं तर त्याला त्या दिवसापुरतं उठवा. मला उठवायला हवं होतं. पण ‘इथून पुढे राजकारण’ अशी रेघ मारायला जाऊ नका. ती रेघ नेहमी रेकॉर्डच्या मधूनच जाते. आणि ती मारायची कोणी? ज्याला अस्वस्थ वाटलं त्याने. सैन्याच्या गौरवाचं गाणं लागलं की ते ‘फक्त संगीत’ आणि युद्धाविरुद्धचं लागलं की ‘राजकारण’, हे मी आपल्या खोलीत दोनदा पाहिलंय. तेव्हा कोणी कागद लावला नव्हता.

पुढच्या बैठकीला रेकॉर्ड लावायची पाळी माझी आहे. मी तीन आणणार आहे. पहिली नील यंगचं १९७० चं ‘सदर्न मॅन’, ज्यात तो अमेरिकेच्या दक्षिणेला गुलामगिरीचा हिशेब मागतो. दुसरी लिनर्ड स्किनर्ड या बँडचं १९७४ चं ‘स्वीट होम अलाबामा’, ज्यात यंगचं नाव घेऊन त्याला उलट सुनावलंय. सुनावणारे फ्लोरिडाचे होते हे बाजूला ठेवू. त्या गाण्यात अलाबामाच्या गव्हर्नरचा, म्हणजे वंशभेदाची बाजू घेणाऱ्या जॉर्ज वॉलेसचा, उल्लेख येतो तिथे मागून ‘बू, बू’ ऐकू येतं. ती कुचेष्टा गव्हर्नरची की गव्हर्नरवर टीका करणाऱ्यांची, यावर पन्नास वर्षं वाद चाललाय. एरवी यंग आणि स्किनर्ड हाडवैरी नव्हते. स्किनर्डचा गायक रॉनी व्हॅन झँट नील यंगचं चित्र असलेला टी-शर्ट घालायचा. १९७७ मध्ये तो विमान अपघातात गेला त्याच्या तीनच दिवस आधी निघालेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरही तो त्याच्या अंगात आहे. आणि यंगने २०१२ च्या आत्मचरित्रात कबूल केलं की त्याचं स्वतःचं ‘अलाबामा’ हे गाणं वरून खाली बघणारं होतं, तो टोला त्याला मिळायलाच हवा होता.

तिसरी रेकॉर्ड मेरी क्लेटनची. रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये जिचा आवाज फाटतो ती हीच. ‘स्वीट होम अलाबामा’च्या मागे गाणाऱ्यांत ही काळी गायिका होती. नाखुशीने गायले, असं तिने नंतर सांगितलं. आणि त्याच्या तीन वर्षं आधी, १९७१ मध्ये, तिने ‘सदर्न मॅन’ आपल्या आवाजात मुद्रित केलं होतं. वादाच्या दोन्ही बाजूंना एकच गळा.

तिन्हींपैकी आधी कोणती लावायची हे माझ्या मित्राला ठरवू द्या. निरोप मात्र तुम्हीच द्या, माझा फोन तो सध्या उचलत नाही.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद